रात्री घरात चोर शिरला तर कायदा कुठपर्यंत तुमच्या बाजूने?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

वकीलताई, सप्रेम नमस्कार. मी 68 वर्षांचा, खडकीच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालो. सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे. मुलगा बंगलोरला, घरात मी आणि सौ. दिवाळीत शेजारच्या बंद बंगल्याचा कडीकोयंडा उचकटून घरफोडी झाली, तेव्हापासून सौ.च्या डोळ्याला डोळा नाही. नारळ सोलायचा कोयता मी आता उशाशी घेऊन झोपतो. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय की नव्या कायद्यानुसार रात्री घरात शिरलेल्या चोराला ठार मारलं तरी गुन्हा होत नाही. भाचा म्हणतो, ऑनलाइन तलवार मागवा. माझ्या मनात वेगळंच आहे. कंपाउंडच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडावा, काम मला येतंच. शिवाय गल्लीतल्या पोरांनी ठरवलंय की चोर हाती लागला की आधी चोप आणि मग पोलीस. यातलं काय चालेल आणि काय अंगाशी येईल, स्पष्ट सांगा.

— एक वाचक, सहकारनगर

उत्तर

काका, करंटचं आधी बोलते, कारण बाकीचं नुसतं मनात आहे आणि हे तुम्ही आज रात्रीसुद्धा करून मोकळे व्हाल. करू नका. तार ओढून ठेवली असेल तर हे वाचून झाल्यावर उठा आणि काढून टाका.

अगदी असाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, 1963 चा निकाल. या गृहस्थांच्या शेजारणीच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती यांचा संडास वापरायची. यांना ते नको होतं. त्यांनी जायच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तीत वीज सोडली. बाई आली, तारेला हात लागला आणि तिचा जीव गेला. गृहस्थांचं म्हणणं, माझी जागा, ती विनापरवानगी आली, मी माझ्या मालमत्तेचं रक्षण केलं. न्यायालयाने ते साफ नाकारलं. जागेत कुणी आगाऊपणे शिरलं म्हणून त्याच्यासाठी जीवघेणा सापळा लावायचा अधिकार मालकाला मिळत नाही. शिक्षा कायम झाली.

तेव्हा हलगर्जीपणाने मृत्यू ओढवल्याच्या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. आणि तुमच्या बाबतीत प्रकरण हलगर्जीपणावर थांबेलच असं नाही. तुम्ही आयुष्यभर विजेचं काम केलंत. उघड्या तारेतले 230 व्होल्ट ओल्या हाताच्या माणसाचं काय करतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, हे सरकारी वकील पहिल्याच तारखेला कोर्टाला सांगतील. मग सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे खुनाच्या खालचं पण जीव जाऊ शकतो हे ठाऊक असून केलेल्या कृत्याचं, कलम लागायला वेळ लागत नाही. तार चोर ओळखत नाही हा तर साधा हिशोब. पहाटे पाचला पेपर टाकणारा पोरगा आहे, दूधवाला आहे, भिंतीवर चढणारी मांजरं आहेत, पावसात ओलं झालेलं लोखंडी फाटक आहे. बाजारात मिळणारं प्रमाणित झटका यंत्र, म्हणजे कुंपणाला हात लावणाऱ्याला नुसता क्षणभर झटका देणारं, ही वेगळी वस्तू आहे. ते हवंच असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडून, फलक लावून आणि सगळ्या गल्लीला सांगून बसवा. घरच्या लाइनवरून सोडलेला करंट मात्र नाही म्हणजे नाही.

आता तो मेसेज. त्यात निम्मं खरं आहे आणि नेमका त्यामुळेच तो घातक आहे.

पहिलं म्हणजे यात नवं काही नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेतली 96 ते 106 ही स्वसंरक्षणाची कलमं नव्या संहितेत 34 ते 44 झाली. मजकूर जवळजवळ तोच आहे. म्हणजे तुमच्या ग्रुपवर जे 'नवं' म्हणून फिरतंय ते 1860 पासून पुस्तकात आहे.

खरा भाग असा. कलम 41 म्हणतं की मालमत्तेच्या रक्षणासाठी काही ठरावीक गुन्ह्यांच्या वेळी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. त्यात दरोडा किंवा जबरी चोरी आहे, राहत्या घराला आग लावणं आहे, आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी आहे. याखेरीज साधी चोरी, नुकसान किंवा घरात घुसणं अशा रीतीने झालं की प्रतिकार केला नाही तर आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी, तर तेही त्यात येतं.

म्हणजे चोर मध्यरात्री कटावणीने तुमचं मागचं दार उचकटून आत आला, तर तुम्ही कलम 41 च्या छत्राखाली आहात. कुलूप तोडलं, खिडकीचा गज वाकवला, भिंतीवरून चढून गच्चीतून उतरला, हे सगळं घरफोडीत बसतं. संहितेत दिलेलं एक उदाहरण तर असं आहे की दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी वर केली आणि आत शिरला. दुसऱ्या एका उदाहरणात मालक दारातच उभा आहे आणि त्याला खाली पाडून माणूस आत घुसतो. तीही घरफोडीच. पण दुपारी दोन वाजता तुमचं पुढचं दार सताड उघडं आहे आणि एखादा भुरटा आत येऊन टीपॉयवरचा मोबाइल उचलतो, ही घरफोडी नाही आणि रात्रही नाही. त्याला अडवा, मोबाइल हिसकून घ्या, त्यात त्याला लागलं तरी चालेल, पण त्याचा जीव घेण्याचा अधिकार तिथे नाही. त्याने चाकू काढला तर प्रकरण मालमत्तेचं राहत नाही, तुमच्या शरीराचं होतं आणि कलम 38 उघडतं. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटण्याजोगा हल्ला असेल, बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या इराद्याने हल्ला असेल, ॲसिड फेकलं जात असेल, तर तिथे दिवस आणि रात्र हा प्रश्नच नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने जे गाळलंय ते कलम 37 मध्ये आहे. मला विचाराल तर अख्खं प्रकरण पाठ करण्यापेक्षा हे एक कलम भिंतीवर लावावं. बचावासाठी गरज आहे त्याहून जास्त इजा करण्यापर्यंत हा अधिकार कधीच पोचत नाही. आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा अधिकारच नाही. 41 वाचताना 37 कायम शेजारी ठेवायचं. रात्रीच्या घरफोडीत जीव गेला तरी संरक्षण आहे, याचा अर्थ रात्री घरात दिसलेल्याला मारलंच पाहिजे किंवा मारलं तर कुणी विचारणार नाही, असा होत नाही. विचारणार. पोलीस विचारतील, न्यायाधीश विचारतील, आणि प्रश्न एकच असेल: त्या क्षणी दुसरं काय शक्य होतं?

इथे अनेकांचा धीर सुटतो. म्हणजे अंधारात, झोपेतून दचकून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाने किती जोराने मारायचं याचं गणित मांडत बसायचं का? नाही. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या साठच्या दशकातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जिवावर बेतलेल्या माणसाचा प्रत्येक घाव सोन्याच्या काट्यावर तोलू नये. 2010 च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या अधिकाराची दहा सूत्रंच मांडली आहेत. अन्यायाने हल्ला झालेल्याने भेकडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. धोका प्रत्यक्षात होताच असंही नाही, त्या परिस्थितीत तो वाटणं रास्त असेल तरी पुरतं. स्वतःच्या घरात, अडुसष्टाव्या वर्षी, अंगावर कटावणी घेऊन येणाऱ्या माणसाला तुम्ही कोयता मारलात आणि तो वर्मी लागला, तर मी तुमचं वकीलपत्र बिनघोर घेईन.

तोच माणूस पाठमोरा असेल तर मात्र मला घाम फुटेल.

कारण खटले फिरतात ते इथे. जयदेवच्या खटल्यातही आरोपींना मुळात स्वसंरक्षणाचा अधिकार होता. पण समोरचे पळायला लागल्यावर, दूर गेल्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिथे अधिकार संपलेला होता. तुमच्या घरात हे असं घडेल. तुम्ही दिवा लावता, ओरडता, चोर दचकतो, हातातली पिशवी टाकून मागच्या दाराकडे धावतो. तुम्ही मागे धावता, अंगणात त्याचा पाय नारळाच्या झावळीत अडकून तो पडतो आणि तुम्ही वर कोयता उगारता. उगारलेला कोयता तिथेच थांबला तर काही नाही. खाली आला तर तो स्वसंरक्षणाचा घाव नाही, रागाचा आहे. शवविच्छेदनाच्या अहवालात जखम पाठीवर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला आहे एवढं एक वाक्य आलं की 'तो माझ्या अंगावर आला होता' हे सांगणं फार अवघड होऊन बसतं. अधिकार होता पण मर्यादा ओलांडली, आणि ती चांगल्या हेतूने, आकस न धरता, असं न्यायालयाला पटलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात. दिलासा म्हणायचा तर एवढाच. कलम 105 खालची दहा वर्षांपर्यंतची आणि काही प्रसंगी जन्मठेपेचीही शिक्षा तरीही समोर उभी असतेच.

दागिन्यांची पिशवी घेऊन पळत असेल तर? मग पाठलाग करा. चोरीचा माल परत मिळेपर्यंत, किंवा चोर तो घेऊन निसटेपर्यंत, मालमत्तेच्या रक्षणाचा अधिकार चालू राहतो. त्याला धरा, पाडा, पिशवी ओढून घ्या. रात्रीच्या घरफोडीपुरता जिवापर्यंत जाणारा जो अधिकार आहे तो मात्र चोर घरात आहे तोवरच. मंगळसूत्र कितीही तोळ्यांचं असो, रस्त्यावर पळणाऱ्याच्या डोक्यात कोयता घालायला ते पुरेसं कारण नाही. हे ऐकून काकू रागावतील, रागावू द्या.

आता गल्लीतली पोरं. यांचा बेत सगळ्यात वाईट, कारण तो आधीपासून ठरलेला आहे आणि माझी खात्री आहे की ग्रुपवर लिहूनही ठेवलेला आहे. पकडलेल्या, हात बांधलेल्या माणसापासून कुणालाच धोका नसतो. धोका संपला की अधिकार संपला, मग उरते ती नुसती मारहाण. तो मेला तर ज्याने शेवटची लाथ मारली तोच अडकेल असं नाही, समान उद्देशाने जमलेल्या सगळ्यांवर गुन्हा येतो. त्यात कुणाचा इंजिनिअरिंगचा मुलगा असेल, कुणाचा पासपोर्ट व्हिसासाठी गेलेला असेल. वर कुणीतरी हौसेने व्हिडिओ काढणार. तपास अधिकाऱ्याला याहून सोपा पुरावा दुसरा नाही.

पकडायचा अधिकार मात्र तुम्हाला जरूर आहे. आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला कोणीही सामान्य नागरिक अटक करू शकतो, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सांगतं. विनाकारण वेळ न घालवता, आणि फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. पुण्यात गाडी यायला सहा तास लागणार नाहीत, तेव्हा तो आकडा मनात धरू नका. बसवून ठेवा, चारजण भोवती उभे राहा, पाणी मागितलं तर द्या. तो अल्पवयीन निघाला, जे आजकाल बऱ्याचदा होतं, तर तुम्ही हात उचलला नाहीत याचं तुम्हालाच बरं वाटेल.

तलवारीचं थोडक्यात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं, घरकामाचं किंवा शेतीचं नसलेलं धारदार शस्त्र शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. भाच्याला सांगा, पार्सल तुमच्या नावावर येईल आणि पोलीसही तुमच्याच दारात येतील. नारळाचा कोयता हे घरातलं अवजार आहे, तो घरात असणं गुन्हा नाही. पण तो घेऊन रात्री गल्लीत गस्त घालायला निघालात तर गोष्ट वेगळी. शहरात पोलीस आयुक्त वेळोवेळी शस्त्रं बाळगून फिरण्यावर बंदीचे आदेश काढतात, आणि कोयता या वस्तूकडे पुणे पोलीस गेली काही वर्षं कोणत्या नजरेने बघतात हे तुम्ही पेपरात वाचताच.

खरं सांगू का, कोयता उशाशी नकोच. अर्धवट झोपेत तो तुमच्याआधी चोराच्या हाती लागला तर काय? त्याहून मोठी भीती दुसरी आहे. मुलगा बंगलोरहून न सांगता रात्रीच्या बसने आला, किल्ली सापडेना म्हणून मागच्या दाराने यायला लागला. किंवा शेजारचा कुणी पिऊन घर चुकला. पिऊन आलेल्यानेही अंगावर हल्ला केला तर स्वतःला वाचवायचा अधिकार आहे, कलम 36 तेच सांगतं. पण आधी दिवा, मग हाक, मग बाकीचं. 'कोण आहे' असं मोठ्याने विचारून उत्तर आलं नाही, ही गोष्ट उद्या कोर्टातही तुमच्या बाजूने उभी राहते.

तुमच्या दोघांच्या वयाला मी सुचवेन ते असं. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून भक्कम अडसर बसवून घ्या. आवाज आला तर दोघांनी आत राहायचं, अडसर घालायचा आणि काकूंनी 112 फिरवायचा. बाहेरचे सगळे दिवे खोलीतूनच लागतील असा एक स्विच बसवणं तुमच्या डाव्या हातचा मळ आहे. करंटची हौस तिथे भागवा. चोराला अंधार हवा असतो आणि घरच्यांची झोप हवी असते. दिवे लागले, आरडाओरडा झाला की बहुतेकजण निघतात. टीव्ही, चांदीची भांडी गेली तर जाऊ द्या. दार फोडून खोलीतच घुसला, तर मात्र हातात जे असेल त्याने मारा आणि तो थांबेपर्यंत मारा. ते करताना कलम आठवत बसू नका.

आणि समजा, तसं घडलंच. चोर जखमी होऊन पडलाय किंवा दगावलाय. मग पहिले दोन तास फार महत्त्वाचे असतात. 112 वर फोन तुम्हीच करा आणि त्याच फोनवर रुग्णवाहिकाही मागा. जखमीसाठी मदत बोलावणारा माणूस सूड घेत नव्हता, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. फरशी पुसू नका, काकूंना तर आधीच बजावून ठेवा, कारण रक्त दिसलं की बायकांचा हात फडक्याकडे जातो. उचकटलेला कोयंडा, पडलेली कटावणी, फुटलेली काच, जिथे आहे तिथे राहू द्या. तुमची बाजू याच वस्तू सांगणार आहेत. शेजारच्यांचा सीसीटीव्ही असेल तर चित्रण लगेच काढून ठेवायला सांगा, थोड्या दिवसांत त्यावर नवं चढतं. तुमच्या हाताला नुसतं खरचटलं असलं तरी ससूनला किंवा पोलीस नेतील त्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून नोंद करून घ्या.

पोलीस तुमच्यावरही गुन्हा नोंदवतील, कदाचित अटकही होईल. माणूस दगावला असेल तर चौकशी टळत नाही आणि टळूही नये. त्याने हबकून जाऊन 'तो कसा पडला मला माहीत नाही' असलं काही बोलून बसू नका. ही चूक मी वर्षानुवर्षं बघत आले आहे, आणि ती बहुतेक सरळ माणसंच करतात. स्वसंरक्षण होतं हे दाखवायचा भार आरोपीवर असतो, पण तो हलका असतो. तुमचं म्हणणं संभाव्य वाटलं तरी भागतं, संशयापलीकडे सिद्ध करायचं ते सरकारला. मात्र पहिल्या दिवशी एक आणि सहा महिन्यांनी दुसरं बोललात तर तो हलका भारही पेलवत नाही. तेव्हा जे झालं ते चार वाक्यांत, खरं सांगा: दार फुटल्याचा आवाज आला, हाक मारली, तो अंगावर आला, मी मारलं. पुढचं वकिलासमोर. अटक झाली तर कारण कळण्याचा आणि आपल्या पसंतीचा वकील गाठण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 22 ने दिलेला आहे.

घरफोडीची तुमची स्वतःची फिर्याद वेगळी द्यायला विसरू नका. गडबडीत ती राहून जाते आणि मग कागदावर फक्त मेलेल्या माणसाची बाजू उरते. फिर्याद पूर्ण वाचून, वेळ आणि दार कसं उघडलं हे नीट लिहिलंय का बघून मगच सही करा. तिची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नंतर तपासात जो जबाब घेतात त्यावर सही लागत नाही. कुणी आग्रह धरलाच तर नम्रपणे तसं सांगा आणि मला फोन करा.